वैनगंगेवर शीड उभारण्यापूर्वी



मे महिन्याच्या सुट्टीत शिडाच्या होडीने भंडाऱ्याहून पवनीकडे जावे, रात्री काठावर मुक्काम करावा आणि गोसेखुर्दच्या जलाशयात चार दिवस काढावेत, हा भाचा आणि भाचेसून या उभयतांचा बेत वाचून मामाला आनंदच झाला. परंतु ‘वैनगंगा आता तळ्यासारखी शांत आहे, तेव्हा काळजी नसावी’ हे भाचेसुनेच्या अक्षरातले वाक्य त्या आनंदाला पुरून उरले.

ती शांत नाही, अडवलेली आहे. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावणाऱ्या या नदीवर, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेले गोसेखुर्दचे धरण उभे राहिल्यापासून भंडाऱ्याखालच्या पात्रात पाणफुगवटा, म्हणजे धरणाने थोपवल्यामुळे मागे चढत गेलेले पाणी, पसरलेला आहे. त्याखाली गावे आहेत, घरांच्या भिंती आहेत, तशीच उभी राहिलेली झाडे आहेत. आणि उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की हीच खोडे पृष्ठभागाच्या वीतभर खाली येऊन थांबतात. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी चालायचे तर मध्यफळी, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडलेली उभी फळी, खाली ठेवावीच लागते, आणि अशा खोडात प्रथम अडकेल ती नेमकी हीच फळी. उभयतांचे नौकानयनाचे शिक्षण मुंबईच्या समुद्रावर झाले, तेथील भरती-ओहोटी पंचांगात आधी पाहता येते. येथील पातळी मात्र चंद्राच्या नव्हे, धरणाच्या तेहतीस दरवाजांच्या आणि वरच्या धरणांच्या हाती आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून सोडलेल्या पाण्याने भंडारा शहरात आलेला पूर भाच्याने विसरावा याचे नवल वाटते.

खरे तर होडीपेक्षा सोबतीचा प्रश्न मोठा आहे. एकाच खोडातून कोरलेला डोंगा बांबूने रेटत, वल्ह्याने वळवत ज्या धिवरांनी, म्हणजे येथील मासेमार समाजाने, पिढ्यान्‌पिढ्या हे पात्र ओळखले, त्यांना वगळून केलेला जलप्रवास, मग तो जलपर्यटनाच्या सरकारी प्रकल्पातून होवो की खासगी हौसेतून, नदीला नुसता रस्ता समजतो; कोठे जाळी टाकलेली आहेत, कोठे गाळ साचला आहे आणि जुन्या गावाची विहीर नेमकी कोठे आहे, हे ज्ञान नकाशात उतरलेले नाही, आणि ज्यांची मासेमारी धरणाने बदलून टाकली त्यांना किमान विचारावे, एवढा हक्क त्यांचा निश्चितच आहे.

सोबतीखेरीज आणखीही काही जपावे लागेल. नागपूरचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानला आणि कन्हान आंभोऱ्यास वैनगंगेला मिळते, त्यामुळे पिण्याचे सर्व पाणी घरून न्यावे. पवनीस जगन्नाथ टेकडीवरील बौद्ध स्तूप, जो १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आला, तो सकाळीच पाहून घ्यावा, कारण दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि उशिरा ढग दाटले की अवकाळी वादळाचा झोत, उघड्या जलाशयावर आडोसा नसल्यामुळे, शीड उतरवण्याइतकाही अवधी देत नाही. पोहता येते, हे उत्तर पुन्हा देऊ नये. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवण्याची वस्तू नसून अंगावर घालण्याची आहे, आणि भाचेसुनेने ते भाच्याच्या अंगावर बांधलेले स्वतः तपासावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी भंडाऱ्याजवळच्या कारध्यास उतरावे, पाणी सोडण्याविषयी धरणाच्या कार्यालयात चौकशी करावी आणि एखाद्या जाणत्या धिवरास योग्य मजुरी देऊन सोबत घ्यावे. तसा माणूस मिळाला नाही, तर होडी पाण्यात घालू नये.