छोट्या लाईनीचे इंजिन

वाफेच्या इंजिनाला सकाळी गाडी ओढायची असेल, तर तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. थंड बॉयलर एकदम तापवला की पत्रा आणि नळ्या कमी-जास्त फुगून सांधे गळू लागतात. म्हणून भट्टी सावकाश पेटवून काही तासांत दाब चढवतात. पाण्याच्या काचेवरची नजर हलवता येत नाही. भट्टीच्या माथ्यावरचे पाणी हटले, तर तिथले शिशाचे बूच वितळते आणि वाफ थेट आगीवर सुटते. पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या इंजिनालाही यातून सूट नाही.

जबलपूरकरांचे खरे प्रेम अडीच फुटी सातपुडा मार्गावरच्या इंजिनावर. बंगाल-नागपूर रेल्वेचा हा मार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला आला. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढून आज साठीला टेकलेला मराठी कामगार लहानपणी गोंदियाकडच्या आजोळी याच ‘छोटी लाईन’ने जाई. हाऊबाग सुटले, ग्वारीघाट गेले, की नर्मदेवरचा पूल. खिडकीबाहेर डोके काढणाऱ्या पोराच्या डोळ्यात कोळशाचा कण हमखास जाई. तो कमावता होईतो कोळशाची जागा डिझेलने घेतली, आणि 2015 मध्ये रुंदीकरणासाठी जबलपूर-नैनपूर छोटी लाईनच बंद झाली. नातवाला ते इंजिन दाखवायचे, तर या कामगाराला नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय गाठावे लागते. तिथे इंजिने सुस्थितीत आहेत, पण थंड आहेत.

विदर्भातल्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचे 1921 साली मँचेस्टरला घडलेले इंजिन 1994 पर्यंत राबले, नंतर तिथेही डिझेल आले. माथेरानच्या 1907 च्या लाईनीसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार इंजिने आली होती. त्यांच्या टोकाच्या चाकांना आडवे सरकण्याची मुभा होती, म्हणून ती घाटातली अवघड वळणे घेत. प्रवाशांना ओढणारी वाफ पाहायची, तर आता दार्जिलिंग ते घूम हा प्रवास करावा. 1855 चे ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन 1997 मध्ये दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावले, त्यावरून वय हा अडथळा नाही हे सिद्ध झाले आहे. नळ्या बदलता येतात, स्टे, म्हणजे भट्टीचे पत्रे धरून ठेवणारे दांडे, नवे बसवता येतात, भट्टीचा पत्राही नवा घालता येतो.

अडचण हातांची आहे. बॉयलर धुणे, झिजलेला स्टे हातोडीच्या आवाजावरून ओळखणे, चढ येण्याआधी किती कोळसा टाकायचा हे ठरवणे, ही विद्या शेडमध्ये उस्तादाच्या हाताखाली राहूनच मिळे. सातपुड्यातला मोजका टप्पा वाफेसाठी राखला असता, तर ती जबलपूरलाच टिकली असती. तो टप्पा राखला गेला नाही, ही मोठी चूक झाली.

नैनपूर आणि गोंदियाच्या शेडमधून निवृत्त झालेल्या फायरमन-फिटरांपैकी जे आपल्या घरात, शेजारात असतील, त्यांना बोलते करावे, त्यांचे काम लिहून आणि चित्रित करून ठेवावे. त्यासाठी रेल्वेच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.