आधी मुक्काम, मग अंतर

मोटारीमागे ट्रेलर जोडून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांसाठी आखणी करणं हे माझं काम. अमेरिकेतली मराठी कुटुंबंही आता अशा सहली करतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘दिवसाला किती अंतर कापता येईल?’ माझं म्हणणं असं की, मुक्कामी किती वाजता पोहोचायचं हे आधी ठरवावं. अंतर त्यावरून निघतं. ट्रेलरवाल्यांमध्ये तीनचा एक नियम रूढ आहे: दिवसाला फार तर तीनशे मैल, दुपारी तीनपर्यंत मुक्काम आणि एका जागी तीन रात्री. यातली तीनची वेळ मला सर्वांत मोलाची वाटते.

डेन्व्हर ते मोआब हा प्रवास घेऊ. अंतर सुमारे ५७० किलोमीटर. मोटारीने साडेपाच-सहा तास. पण डेन्व्हर १,६०० मीटर उंचीवर आणि वाटेतला आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे बोगद्याशी समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते, आणि नेमकं तिथेच दोन-तीन टनांचं घर ओढायचं असतं. पलीकडच्या लांब, तीव्र उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापून निकामी होऊ शकतात. खालच्या गिअरमध्ये सावकाशच उतरावं लागतं. पुढे व्हेल पासची चढण आहेच. ताशी ७० किलोमीटरची सरासरी धरली तर चालवण्याचे आठ तास. इंधन, जेवण, हिच (ट्रेलरची जोडणी) आणि टायरांची तपासणी मिळून दहा. पोहोचल्यावरही दिवस संपत नाही. ट्रेलर मागे घेऊन अरुंद जागेत लावणं, समतल करणं, चाकांना अडण्या लावणं, पाणी-वीज जोडणं ही कामं दमलेल्या माणसाने घाईत केली की चुका होतात. म्हणून २५५ किलोमीटरवरच्या ग्लेनवूड स्प्रिंग्जला थांबावं. दोन्ही उंच चढणी सकाळीच ओलांडल्या जातात आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या वादळी सरीही बहुधा टळतात.

वेग वाढवून वेळ भरून काढता येईल, असं काहींना वाटतं. ताशी ८८ ऐवजी १०४ किलोमीटर वेगाने गेलं, तर सपाट रस्त्यावरही ५७० किलोमीटरमागे जेमतेम एक तास वाचतो. उलट थांबवायची गतिज ऊर्जा चाळीस टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरचीच मर्यादा आहे. ट्रकचालक अकरा तास चालवतात, हा दुसरा युक्तिवाद. अमेरिकन कायद्यातले अकरा तास ही त्या धंद्यातल्या प्रशिक्षित चालकाची कमाल मर्यादा आहे. सुट्टीवर निघालेल्यांनी ती आपलं उद्दिष्ट मानू नये. आलटूनपालटून चालवल्याने एकाचा थकवा कमी होतो, पण चढण, ब्रेक आणि मागे बसलेली मुलं तीच राहतात.

‘रजा थोडी असते’ हा आक्षेप मात्र खरा आहे. पण ट्रेलरचा फायदा मुळात थांबण्यात आहे. तळावर तो सोडून ठेवला की मोटार मोकळी होते आणि मोआबजवळची आर्चेस, कॅनियनलँड्स ही उद्यानं हलक्या गाडीने पाहता येतात. काही रस्त्यांवर तर ट्रेलर नेताच येत नाही: ग्लेशियर उद्यानातल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहनांना बंदी आहे आणि ही लांबी मोटार-ट्रेलर मिळून मोजतात. रोज मुक्काम हलवला तर जोडणं-सोडणं यातच रोजचे दोनेक तास जातात. दहा दिवसांत आठ ठिकाणं पाहायचीच असतील तर ट्रेलर घेऊ नका. मोटार आणि हॉटेल हाच त्यासाठी योग्य मार्ग. ट्रेलरनेच जायचं असेल, तर यादीतली निम्मी ठिकाणं आजच खोडा आणि उरलेल्या प्रत्येक मुक्कामापुढे पोहोचण्याची वेळ लिहा.