दादाची खोकी

दादाला जाऊन आता वर्ष होईल. त्याच्या माघारी माळ्यावरची तीन खोकी माझ्याकडे आली. त्याने १९९० च्या दशकात जमवलेले संगणकावरचे खेळ त्यांत होते. चारशेहून अधिक फ्लॉप्या! तुमच्यापैकी पुष्कळांनी फ्लॉपी पाहिलीही नसेल. तळहातात मावणारी प्लॅस्टिकची चौकोनी वडी, तिच्या पोटात चुंबकीय लेपाची पातळ चकती. तिच्यात जेमतेम १.४४ मेगाबाइट माहिती राही, आणि तो लेप दिवसेंदिवस निकामी होत जातो.

खेळ उतरवून घेण्याआधी ते नीट लावावेत, असे मी ठरवले. वर्णानुक्रमाने लावावेत, तर मराठी वर्णानुक्रम की इंग्रजी, येथेच घोडे अडले. मग सालवारी मनात आली. 'डिगर' १९८३ चा, 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ चा. हा क्रम मला फार आवडला. पण 'टेट्रिस'ने तो बिघडवला. अलेक्सी पाजितनोव्ह यांनी हा खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत रचला. त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नसत. म्हणून पडणारे ठोकळे त्यांनी चक्क कंसांच्या चिन्हांनी दाखवले. पुढे तो खेळ नाना यंत्रांवर गेला आणि दर ठिकाणी नवे रूप घेऊन बसला. मग माझ्या फ्लॉपीवरचा टेट्रिस कोणत्या सालचा म्हणावा?

वैतागून मी सारे जमिनीवर ओतणार, तोच पुतणी म्हणाली, "काका, आधी आहे तसा क्रम लिहून घ्या ना!"

मला जरा रागच आला. तरी लिहू लागलो. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यात दादाने पेन्सिलीने एकेक अक्षर लिहिले होते : 'सु', 'भा', 'गो'. खेळांच्या नावांशी त्यांचा काही मेळ बसेना. तिसऱ्या खोक्याच्या तळाशी वीसेक फ्लॉप्यांवर 'धा' दिसला, आणि माझा हात थांबला. घरात मला धाकटा म्हणत. ती अक्षरे माणसांची होती; ज्याच्याकडून खेळ नकलून आणला, त्याची. (तेव्हा आम्ही खेळ विकत घेत नसू. ते योग्य नव्हते.) मी शाळेतून आणलेले खेळ दादाने कधीच टाकून दिले, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

खोकी आता हलवायची नाहीत. फ्लॉपी एका वेळी एकाच जागी राहते. सूची मात्र हव्या तितक्या करता येतात. म्हणून नाव, साल, रचणारा आणि दादाचे अक्षर अशा चार रकान्यांची वही मी घातली आहे.

'प्रिन्स' रचणारे जॉर्डन मेक्नर यांनाही त्या खेळाची मूळ आज्ञावली बरीच वर्षे सापडत नव्हती. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना ती एका खोक्यात मिळाली. तेव्हापासून मी खोक्यांना अडगळ म्हणत नाही.

रोज रात्री आम्ही दहा फ्लॉप्या उतरवतो. चुकूनही वर काही लिहिले जाऊ नये, म्हणून कोपऱ्यातली खिडकी सरकवून उघडी ठेवण्याचे काम पुतणीकडे आहे. आजवर एकशे चाळीस झाल्या. त्यांतल्या अकरा वाचता आल्या नाहीत. 'धा'च्या गठ्ठ्याला मी अजून हात लावलेला नाही. ती रोज विचारते, "काका, आज तो घ्यायचा ना?"