बरगडीचे भाषांतर

पाककृतीचे भाषांतर करता येते का, हा प्रश्न आपल्या भाषांतरविषयक चर्चांमध्ये सहसा येत नाही. कवितेचे भाषांतर शक्य की अशक्य यावर आपण वर्षानुवर्षे चर्चासत्रे भरवतो. निष्ठा आणि सौंदर्य यांच्या भांडणावर परीक्षेत दहा गुणांचा प्रश्नही घालतो. पाककृती मात्र आपोआप सीमा ओलांडते, असे आपले गृहीत असते. ज्या भाषेने 'चायनीज भेळ' हा शब्दप्रयोग विनातक्रार पचवला, तिला स्वयंपाकघरातल्या भाषांतराचा संकोच वाटण्याचे कारणही नाही. एखादा जिन्नस मिळाला नाही तर दुसरा घालायचा आणि नाव तेच ठेवायचे, की झाले. गेल्या हिवाळ्यात एका कोरियन पाककृतीने मला या गृहीतकाकडे पुन्हा पाहायला लावले.

पदार्थाचे नाव 'गाल्बी-च्चिम'. 'गाल्बी' म्हणजे बरगडी. 'च्चिम' म्हणजे झाकण ठेवून, वाफेवर किंवा थोड्याशा रसात मंद शिजवलेले. चांद्र नववर्षाला आणि शरदातल्या पौर्णिमेच्या सुगीच्या सणाला कोरियन घरांत हा पदार्थ होतो. कृती वरकरणी सोपी आहे. बरगड्यांचे दोन-दोन इंचांचे तुकडे तासभर थंड पाण्यात ठेवून रक्त काढून टाकायचे; मग काही मिनिटे उकळून ते पाणीही फेकायचे. त्यानंतर सोया सॉस, लसूण, थोडे आले, कांदा, साखर, मिरपूड, तिळाचे तेल, तांदळाची दारू आणि मुख्य म्हणजे किसलेली नाशपाती यांच्या रसात मांस दीड-दोन तास मंद आचेवर ठेवायचे. शेवटी मुळा, गाजर, चेस्टनट आणि आपल्या बोराच्या कुळातली लाल सुकी फळे घालून, रस आटून प्रत्येक तुकड्यावर चकाकी येईपर्यंत आच सोडायची नाही. बरगडीला चिकटलेले चिवट पांढरे पडदे या वेळात विरघळतात आणि रसाला दाटपणा देतात. घाई केली तर जे मांस चामड्यासारखे लागते, तेच वेळ दिल्यावर हाडावरून अलगद सुटते. स्वयंपाकातले हे जुने शहाणपण कोरियन नाही की मराठी नाही.

हा पदार्थ आमच्या तळेगाव ढमढेरेत कसा आला, ते सांगायला हवे. आमच्याच शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी ही कोरियन कंपनी या शतकाच्या पहिल्याच दशकात आली. तिथल्या यंत्रांवर आमचे अनेक माजी विद्यार्थी काम करतात. पण तिच्यामुळे कोणत्याही घरात कोरियन स्वयंपाक शिरल्याचे मी पाहिलेले नाही. तो शिरला मोबाईलमधून. माझी मुलगी बारावीत आहे आणि तिच्या वयाच्या बहुतेक मुलींप्रमाणे कोरियन मालिका पाहते. त्या मालिकांत माणसे सारखी जेवत असतात. कुणाची समजूत काढायची असेल, माफी मागायची असेल किंवा प्रेम व्यक्त करायचे असेल तर आधी ताट पुढे येते. (या बाबतीत आपले ग्रामीण कथाकार त्यांना परके वाटले नसते.) अशाच एका ताटातून गाल्बी-च्चिम आमच्या घरी आले.

आमच्या घराची रचना अशी : सासूबाई माळकरी. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांनी तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून घरातली चूल दोन ठिकाणी झाली. मटण होते ते मागच्या पडवीत, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने. त्याला कुणाची हरकत नाही, खुद्द सासूबाईंचीही नाही. माळ घालण्यापूर्वी त्यांच्या हातचा काळ्या मसाल्याचा रस्सा भावकीत प्रसिद्ध होता. पडवीत बसून त्या आजही सूचना करतात, फक्त पातेल्याला हात लावत नाहीत.

मुलीने पाककृती वाचून दाखवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. "आई, यात बीफ लिहिलंय." सासूबाईंनी विचारले, "बीफ म्हंजी काय गं?" ती क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "मोठ्याचं, आजी." हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारलेला नव्हता. पण तिला तो येत होता.

या शब्दाकडे मराठीच्या अध्यापकांनी जरा थांबून पाहावे. बोकडाच्या मांसासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही. 'मटण' हा मुळात मेंढीच्या मांसाचा इंग्रजी शब्द आपण खुशाल बोकडाला लावला आणि त्याखाली सीना, चाप, नळी, खिमा, वजडी, मुंडी, पाया असा सगळा प्राणी नावानिशी मांडून ठेवला. गाय-बैल-म्हशीच्या मांसाची पाळी आली की मात्र भाषा एकदम आखडते. 'मोठ्याचे' या शब्दात षष्ठीचा प्रत्यय आहे, पण विशेष्य नाही. मोठ्याचे काय, ते गाळलेले. मोठा कोण, तेही गाळलेले. ज्यांना कळायचे त्यांना कळते. 'बीफ' या इंग्रजी शब्दाने अलीकडे आणखी एक आडोसा दिला. तो उच्चारताना जनावर, कसाई, वस्ती यांतले काहीच डोळ्यांसमोर येत नाही. दिसते ते मोबाईलच्या पडद्यावरचे चकाकते ताट. कोरियन नाव शरीराचा भाग सांगते, इंग्रजी नाव पदार्थ सांगते. मराठी नाव सांगते ते खाणाऱ्याचे घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे हे.

यावर कायद्याकडे बोट दाखवून सुटका होते, पण पुरती होत नाही. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ही बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलीवरील बंदी कायम ठेवली. परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हैस आणि रेडा मात्र या बंदीत नाहीत. म्हणजे म्हशीच्या बरगड्या आणून हा पदार्थ करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. तरी आमच्या घरी कुणाच्या मनात तो पर्याय आला नाही. २०१५ च्या पूर्वीही तो आला नसता.

मग मी जरा कोरियाचा इतिहास वाचला आणि या पदार्थाची दुसरी बाजू दिसली. चोसन राजवटीतही जनावरांच्या कत्तलीवर वारंवार बंदी येत असे. कारण ओळखीचे आहे : बैल नांगराला लागे. बंदी असूनही सरदार-उमरावांच्या ताटात गोमांस येत राहिले. ते येत होते 'पेकचॉंग' नावाच्या समाजाच्या हातून. जनावर मारणे, सोलणे, कातडी कमावणे ही कामे त्यांची. त्यांची वस्ती गावाबाहेर, पोशाखावर निर्बंध, लग्ने आपसांतच. ताटातल्या मांसाला मान होता, पण ते कापून देणाऱ्या हाताला गावात जागा नव्हती. १८९४ च्या सुधारणांनी कायद्याने हा भेद संपवला, व्यवहारात तो राहिला. पेकचॉंगांच्या मुलांना शाळेत प्रवेश नाकारला जाई. एप्रिल १९२३ मध्ये चिंजू या शहरात या समाजाने संघटना काढली. तिचे नाव 'ह्यॉंगप्यॉंगसा'. त्यातला 'ह्यॉंग' म्हणजे तराजू, खाटकाच्या दुकानातला. तराजूसारखे समतोल जग मागणाऱ्यांची ही संघटना.

१९२३ हे वर्ष वाचून मराठी वाचकाच्या मनात पुढची वर्षे येणारच. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगाव भीमाच्या स्तंभाजवळ आले होते. तो स्तंभ आमच्या गावापासून फार दूर नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे आवाहन केले. दोन्हीकडे प्रश्न माणुसकीचा, पण मार्ग वेगळे. चिंजूच्या लोकांनी आपले काम टाकले नाही, त्या कामाच्या साधनालाच संघटनेचे नाव केले. महाडमध्ये मृत जनावर ओढण्याची सक्ती आणि त्याचे मांस ही एकाच साखळीची दोन टोके होती, म्हणून मांस सोडणे हाच साखळी तोडण्याचा मार्ग ठरला. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंधच गोमांसभक्षणाशी जोडला.

आपल्या साहित्यात या इतिहासाचे दोन्ही पदर आले आहेत. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मृत जनावराची वाटणी आहे आणि तिच्या आठवणीची बोचही आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद केली, नावे आणि कृतींसह. शीर्षकातला एक 'अ' सगळ्या मराठी पाकपुस्तकांच्या परंपरेला प्रश्न विचारतो. त्यापूर्वी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातून 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' ही दलितांच्या अन्नस्मृतींची पुस्तिका निघाली होती. सोडणे हा जसा स्वाभिमान होता, तसे लिहून ठेवणे हाही स्वाभिमान आहे.

ही पुस्तके आपण शिकवतो. दलित आत्मकथन शिकवताना मांसाचा उल्लेख आला की वर्गात एक विशिष्ट शांतता पसरते, ती प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाची असेल. एका वर्षी त्या शांततेत मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, तुमच्या घरी शिजलंय का कधी?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला माहीत करून घ्यायचे होते. मी म्हटले, "नाही. आणि का शिजलं नाही, याचं उत्तर मला आवडत नाही एवढंच असतं, तर सोपं झालं असतं." तास संपल्यावर ती येऊन सांगून गेली की तिची आजी 'चान्या' हा वाळवलेल्या मांसाचा शब्द अजून आवाज उतरवूनच उच्चारते. पुस्तकात तो ठळक छापलेला पाहून तिला आधी भीती वाटली आणि मग बरे वाटले.

तर आमच्या पडवीत शेवटी बोकडाचे दीड किलो सीना-चाप आले. कोरियन कृतीशी पहिला खटका उडाला तो पाण्यावरून. मुलगी उकळलेले पाणी फेकायला निघाली तेव्हा सासूबाई उठूनच बसल्या. "अगं, आळणी कुठं टाकून देतात व्हय? बाळंतिणीला देतात ते!" जे एका स्वयंपाकात मळ, ते दुसऱ्यात सत्त्व. भिजवलेले पाणी फेकायचे आणि उकळलेले गाळून रसात घालायचे, असा तह झाला. तांदळाची दारू वगळली. माळकऱ्याच्या घरी ती चर्चाच नको. आपले घाण्याचे तीळतेल कच्च्या तिळांचे असते, कोरियन तेल भाजलेल्या तिळांचे. म्हणून तीळ भाजून कुटून घातले. चेस्टनट सोडून दिले, लाल फळांच्या जागी सुकी बोरे टाकली. गाड्यावरचा सोया सॉस खारट असतो, तेव्हा मीठ घातलेच नाही. नाशपाती तेवढी जशीच्या तशी आली. बोकडाची बरगडी पातळ, तिच्यावर मांस कमी. तिला सव्वा तास पुरला. बैलाच्या बरगडीइतका दाटपणा रसाला येत नाही, तो शेवटी आटवून आणावा लागला. इंद्रायणीच्या चिकट भातावर तो काळसर, गोडसर, तिळाच्या वासाचा रस फार चांगला लागला. सासूबाईंनी लांबूनच वास घेऊन "गूळ जास्त झालाय" असा निर्णय दिला. गूळ नव्हता, पण गोडीबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मुलीने पाककृती आपल्या वहीत उतरवली आणि वर 'गाल्बी-च्चिम' असे लिहिले. मी तिला म्हटले, भाषांतरकार टीप देतो तशी एक टीप दे : मूळ कृतीत बैलाचे मांस आहे, आम्ही बोकडाचे घेतले. तिने विचारले, "का घेतलं, तेही लिहू?" लिही, म्हटले. तिने तीन कारणे लिहिली. पहिले, कायदा. दुसरे, आजीची माळ. तिसरे, 'आपल्यात नसतं.'

पहिली दोन कारणे समजावून सांगायला मला अडचण नाही. एकाला कलम आहे, दुसऱ्याला श्रद्धा. तिसऱ्याचे काय करावे? 'आम्ही' हे सर्वनाम श्रोत्याला वगळते आणि 'आपण' त्याला सामावून घेते, असे आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो. मराठीचे हे वैभव म्हणून अभिमानाने सांगतो. 'आपल्यात नसतं' या वाक्यातले सर्वनाम तेच आहे. त्याने कुणाला सामावून घेतले आणि कुणाला बाहेर ठेवले, हे पुढच्या वर्षी सर्वनामे शिकवताना मी वर्गाला विचारणार आहे. मागच्या बाकावरून काय उत्तर येते, ते ऐकायचे आहे.