डिस्क दिसते, पण उघडत नाही

संग्रामपुरात लाइन गेली म्हणून कोणी दचकत नाही. दचकतो तो फोटोग्राफर, ज्याची हार्ड डिस्क नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरला लागलेली असते.

ऐन लग्नसराईत ओळखीतला एक पोरगा अशीच डिस्क घेऊन आला. कॉपी चालू असताना लाइन गेली, परत आली ती त्याच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घेऊनच गेली. नवरीकडचे शूटिंगसाठी मागे लागलेले. माझ्या मशीनवर लिनक्स आहे. विंडोजमध्ये डिस्कला आपोआप डी, ई असं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये ती एखाद्या फोल्डरवर आणून जोडतात. तेच माउंट करणं. जोडायला गेलो तर उत्तर आलं: राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक... आणि शेवटी ‘ऑर अदर एरर’.

पोरगा स्क्रीनकडे पाहतच राहिला. “भाऊ, लग्नाचं सारं याच्यातच हाय. फॉरमॅट मारून पाहू काय?”

“हात लावू नको,” म्हटलं.

हा संदेश भल्याभल्यांना घाबरवतो. तो सगळ्या शक्यता एका दमात मोजतो आणि खरं कारण तेवढं सांगत नाही. त्यातही गंमत अशी, की डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइलसिस्टीमची, असेल तर तिच्यात सुपरब्लॉक नावाची चीजच नसते. तिथे बूट सेक्टर असतो.

आधी ‘एलएसबीएलके’ चालवलं. डिस्क आणि तिचं पार्टिशन, दोन्ही दिसत होती. म्हणजे केबल ठीक. ‘बीएलकेआयडी’नं फाइलसिस्टीम एनटीएफएस असल्याचं सांगितलं, म्हणजे तीही ओळखू येत होती. मग ‘डीमेसेज’ उघडलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपली रोजची नोंद तिथे ठेवतो. शेवटच्याच ओळीत कारण होतं: व्हॉल्यूम ‘डर्टी’ आहे आणि ‘फोर्स’ दिलेलं नाही.

विंडोज एनटीएफएसवर लिहायला लागलं की एक खूण करून ठेवतं आणि डिस्क नीट बंद झाली की ती पुसतं. मध्येच लाइन गेली की खूण तशीच राहते. 2021 मध्ये लिनक्सच्या 5.15 कर्नलमध्ये ‘एनटीएफएस थ्री’ हा नवा ड्रायव्हर आला. ही खूण दिसली की तो लिहिण्यासाठी डिस्क जोडतच नाही. मला तर हा त्याचा शहाणपणाच वाटतो. जबरदस्तीचा पर्याय हाताशी होता, पण दुसऱ्याच्या लग्नावर कोण प्रयोग करणार? ‘आरओ’ देऊन, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, डिस्क माउंट केली. फोल्डर उघडले. सगळं माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं. या वेळी इन्व्हर्टरवर.

‘एनटीएफएसफिक्स’नं ती खूण पुसता येते, पण ती काही पुरती दुरुस्ती नव्हे. त्यासाठी विंडोजचं ‘चेकडिस्क’च लागतं, आणि तेही नंतर एका मित्राच्या लॅपटॉपवर चालवलं. लाइन गेली तेव्हा उतरत असलेली क्लिप अर्धीच निघाली, बाकी हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं शाबूत होतं.

तुमची डिस्क अशी अडली तर आधी ‘डीमेसेज’ वाचा, मग फक्त वाचण्यापुरती जोडून कॉपी काढा. दुरुस्ती त्यानंतर.