मागे पडलेली पेटी

माणसाला आयुष्यात किती कार्डे बाळगावी लागतील, याला आता काही धरबंध राहिलेला नाही. माझ्या लहानपणी घरात एकच कार्ड असे, ते रेशनचे. आणि दुसरे अधूनमधून टपालाने येई, ते 'सर्व कुशल' एवढेच सांगून परत गप्प बसे. पुढे बँकेचे आले, मतदानाचे आले, आधारचे आले. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात, "मला आता एक साउंड कार्ड घ्यायचे आहे," असे मी घरात जाहीर केले, तेव्हा सौभाग्यवतींनी डाळ निवडता निवडता एवढेच विचारले, "ते न काढलं तर गॅसची सबसिडी बंद होते का हो?"

तसे काही नव्हते. साउंड कार्ड म्हणजे संगणकाचा गळा. संगणकाच्या पोटात गाणे म्हणून काही नसतेच. असतात ते नुसते आकडे. सेकंदाला ४४,१०० अशा हिशेबाने ते आकडे एकामागून एक घ्यायचे, त्यांचा विजेचा प्रवाह करायचा आणि तो स्पीकरकडे धाडायचा, हे काम या कार्डाचे. घरगुती संगणकाला पूर्वी शिट्टीखेरीज फारसे काही येत नसे. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड काढले आणि घरोघरचे संगणक बोलू-गाऊ लागले. आज प्रत्येक लॅपटॉपला असा गळा जन्मजातच असतो. पण गळा तर तुम्हांआम्हां सर्वांनाच असतो, म्हणून काही सगळेच मंडपात गायला बसत नाहीत. ही साधी गोष्ट समजायला मला एक अख्खी कोजागिरी खर्ची घालावी लागली.

मालेगाव कॅम्पात आमचे तिघांचे एक गाण्याचे बिऱ्हाड आहे. माझी थोरली बहीण गाते. तिचे वय चौऱ्याहत्तर. सारा कॅम्प तिला आक्का म्हणतो. तबल्यावर मिस्त्री. यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. आक्काला 'आपा' म्हणणारे तेवढे ते एकटेच. आणि पेटीवर मी, निवृत्त शाळामास्तर. कोजागिरीला एका गच्चीवर आणि गुढीपाडव्याला सकाळी एका पटांगणात, अशी वर्षातून दोनदा आम्ही जुनी भावगीते म्हणतो. श्रोते शंभर-सव्वाशे, दुधाच्या पेल्यांवरून मोजलेले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पेटीचा भाता फाटला आणि सुरांना दमा जडला. आक्काचा मुलगा पुण्याला संगणकावरच पोट भरतो. त्याने एक लहानसा कीबोर्ड आणि आपला जुना लॅपटॉप मला आणून दिला. "मामा, पट्टी दाबा, पेटी हवी तर पेटी, सारंगी हवी तर सारंगी!" पट्टी दाबली आणि खरोखरच पेटी वाजली. लॅपटॉपच्या कडेच्या भोकात साडेतीन मिलिमीटरची पिन खुपसायची, दुसरे टोक स्पीकरवाल्याच्या हाती द्यायचे, की झाली मैफल सुरू.

मालेगावकराला तोकड्या साधनांचे भय वाटत नाही. याच गावात २००० साली शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला. पुढे इथला सुपरमॅन आकाशात कसा उडाला, यावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला, आणि २०२४ साली रीमा कागती यांनी या सगळ्या धडपडीवरच एक मोठा चित्रपट काढला. ज्या गावात एवढ्याशा सामग्रीवर सुपरमॅन उडतो, तिथे एका पिनेवर पेटी का वाजू नये, असा माझा रास्त अभिमान होता. एकच गोष्ट मी विसरलो. सिनेमात आवाज चुकला तर तो मागाहून नीट बसवता येतो. मैफलीत 'मागाहून' नावाची सोय नसते.

कोजागिरीच्या चार दिवस आधी तालमीत पेटीतून कुरकुर ऐकू येऊ लागली. कढईत मोहरी तडतडावी तशी. मी भाच्याला फोन लावला. त्याने पडद्यावरचा एक आकडा २५६ होता तो २०४८ करायला सांगितला. कुरकुर थांबली. मी समाधानाने झोपलो.

कोजागिरीला आक्काची पहिली दोन गाणी कशीबशी निभली. तिसऱ्यात लय ओघळू लागली. ती पेटीच्या सुरासाठी थांबे, तोवर तबला पुढे गेलेला असे. तबल्याला गाठायला जावे तर पेटी मागे राही. अंतऱ्यात ती थांबली. पाणी प्याली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली, आणि हात जोडून बाजूला सरकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतला समजूतदारपणा मला अजून ऐकू येतो.

जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "अरे, आता पुरे. लय सुटायला लागली माझी. वय झालं."

मी काहीच बोललो नाही. कारण मलाही तसेच वाटले होते.

गाण्याची वही कपाटात गेली. दिवाळी आली. फराळाचे सारे झाले, पण चकल्या पाडताना होणारे आक्काचे गुणगुणणे तेवढे झाले नाही.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी मिस्त्री चहाला आले. बशीत चहा ओतून, इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मास्तर, राग नसेल तर सांगतो. त्या दिवशी पेटी मागून येत होती."

"मागून म्हणजे?"

"बोट आधी, आवाज नंतर. एका हाताने पट्टी दाबा, दुसऱ्याने टेबलावर ठोका. दोन्ही एकदमच."

मी ठोकले. ठक्... पें. एक आवाज व्हायला हवा होता, तिथे दोन झाले. फट एवढीशीच, पण एकदा दिसली, की मग दुसरे काही दिसेना.

"माग असाच असतो," मिस्त्री म्हणाले. "मिनिटाला शंभरावर फेऱ्या. फणी ठोकायला यायच्या आत धोटा पलीकडे पोचला पाहिजे. जरा उशीर झाला, की तो धाग्यांत सापडतो आणि शेकड्यांनी धागे तुटतात. मग मालक म्हणतो, सूत कच्चं होतं." बशी खाली ठेवून ते थांबले. "मास्तर, आपांचं सूत कच्चं नाही."

त्या रात्री मी भाच्याकडून सारे समजून घेतले. संगणक आकडे एकेक करून वाढत नाही. तो आधी भांडे भरून घेतो आणि मग वाढतो. या भांड्याला बफर म्हणतात. भांडे लहान असले तर वाढप्याला पंगतीत फार फेऱ्या घालाव्या लागतात, आणि तो दमला की एखादे पान रिकामे राहते. तीच ती कुरकुर. भांडे मोठे घेतले तर पान रिकामे राहत नाही, पण भांडे भरेपर्यंत पंगत खोळंबते. ४४,१००च्या वेगाने २०४८ आकड्यांचे भांडे भरायला सुमारे ४६ मिलिसेकंद लागतात, आणि यंत्राचा वरचा उशीर वेगळाच. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. गुणाकार केला तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल थांबली. सोळा मीटर! कोजागिरीला मी आक्काच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. पण माझी पेटी रस्त्यापलीकडच्या गच्चीवर बसून तिला साथ करत होती.

मिस्त्री आणि मी एसटीने नाशिकला गेलो. दुकानातला तरुण मोठा आर्जवी. आजकाल हे कार्ड लॅपटॉपच्या पोटात बसत नाही. एक लहानशी डबी असते आणि ती यूएसबीच्या तारेने जोडतात. टांगे गेले तरी टांगा स्टँडचे नाव राहते, तसे तिचे कार्ड हे नाव राहिले आहे. त्याने सगळ्यांत भारी डबी पुढे केली. "काका, ही १,९२,००० पर्यंत जाते!" मी क्षणभर दिपलो. पण मग हिशेब आठवला. माणसाच्या कानाला फार तर सेकंदाला वीस हजार कंपने ऐकू येतात, आणि माझ्या वयाला त्याहून बरीच कमी. ती सगळी ४४,१००मध्ये आरामात बसतात. सीडीही तेवढ्यावरच चालते. आमच्या पाडव्याला वटवाघळे ऐकायला येणार असती, तर गोष्ट वेगळी होती. मोठ्या आकड्यांचा उपयोग स्टुडिओत बसून आवाजाची चिरफाड करणाऱ्याला असेल. मैफलवाल्याने आधी उशीर किती ते विचारावे.

मिस्त्रींनी ते आपल्या पद्धतीने विचारले. लॅपटॉप मी बरोबर नेला होता. एकेक डबी जोडायची, भांडे १२८चे करायचे, आणि मिस्त्री डोळे मिटून बसायचे. मी पट्टी दाबून काउंटरवर ठोकायचे. पहिलीत कुरकुर झाली. दुसरीत दोन ठोके झाले. तिसरीत एकच.

"ही," मिस्त्री म्हणाले, आणि तिची तार त्यांनी खसकन ओढून पाहिली. दुकानदार दचकला. "मंडपात पोरं तारांवरून पळतात," मिस्त्रींनी शांतपणे खुलासा केला. आवाजाची बटणे पडद्यावर नसून डबीवरच होती, हेही त्यांना पसंत पडले. अंधारात हाताला बटण सापडते, उंदराचा बाण सापडत नाही. कानाला लावायच्या हेडफोनची वाट वेगळी होती. आणि संगणकाशी थेट बोलायला डबीचा स्वतःचा एएसआयओ चालक होता. ही १९९७ची जर्मन युक्ती. तिच्यामुळे आवाजाला मधल्या चार कचेऱ्यांतून हेलपाटे घालावे लागत नाहीत.

मला सर्वांत आवडली ती तिची स्पीकरकडे जाणारी तार. तिला बॅलन्स्ड म्हणतात. आत दोन तारांतून एकच सूर धावतो, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. वाटेत पंख्याचा, ट्यूबचा जो काही खरखराट चिकटतो, तो दोघींना सारखाच चिकटतो. शेवटी उलटा सूर पुन्हा सुलटा करून दोन्ही एकत्र आणले, की सूर दुणावतो आणि खरखराट आपसांत भांडून मरतो.

घरी आल्यावर मी आक्काला बोलावले. आधी जुन्या रीतीने, भांडे २०४८चे ठेवून, तिच्याकडूनच पट्टी दाबवली आणि टेबल ठोकवले. मग डबी लावून तेच करवले. ती बराच वेळ बोलली नाही.

"म्हणजे मी नव्हते?"

"नाही, आक्का. पेटी होती."

"मग जिन्यात बोलला का नाहीस?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक मलाही नव्हतं. पण मी वय झालं म्हणाले, आणि तुला लगेच पटलं!"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. म्हातारे माणूस अडखळले, की दोष शोधायला आपण लांब जात नाही; वय जवळच उभे असते. दुसऱ्या दिवशी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मी मुद्दामच वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही.

पाडव्याला आम्ही अंधारातच पटांगणात पोचलो. सकाळी सहाच्या आत ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे, म्हणून तोवर जोडाजोड चालली होती. लॅपटॉपचे इंटरनेट बंद करून ठेवले होते. ऐन अंतऱ्यात त्याला नवे काही शिकायची हुक्की येऊ नये. एवढ्यात स्पीकरमधून घूं सुरू झाली. विजेची पन्नासाची घूं. मंडपवाला पोरगा म्हणाला, "काका, अडाप्टरची तिसरी पिन काढून टाका, जाईल." पोराचे खोटे नव्हते, घूं गेली असती. पण मिस्त्री जन्मात पहिल्यांदाच एवढे ओरडलेले मी ऐकले. "ती अर्थिंग आहे, बेटा! घूं चालेल, माणूस गेलेला चालणार नाही." शेवटी पोराच्याच पेटाऱ्यातून एक डीआय बॉक्स निघाला. त्यातला लहानसा ट्रान्सफॉर्मर सूर पलीकडे जाऊ देतो, पण दोन्हीकडच्या विजेची गाठ पडू देत नाही. तो मध्ये लावला आणि घूं विरली.

सहा वाजले. आक्काने वही उघडली. १२८चे भांडे, तीन मिलिसेकंदांचा उशीर. वरची भर धरूनही पेटी आता तिच्यापासून दोन-तीन पावलांवर होती. पहिल्या ओळीलाच मला कळले, की ती सुराची वाट पाहत नाही; सूर तिथेच आहे, असे धरून चालली आहे. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

चौथ्या गाण्यात ती एक मात्रा उशिरा आली. मी सूर धरून ठेवला, मिस्त्रींनी ठेका सांभाळून घेतला, आणि ती पुढच्या आवर्तनात येऊन मिळाली. कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मग कडुलिंब वाटला गेला. आक्काने गुळाबरोबरची गोळी तोंडात टाकली, तोंड वाकडे केले, आणि मिस्त्रींना म्हणाली, "ती मघाची चूक मात्र माझी होती हं! पेटीची नव्हे."

आपली चूक इतक्या आनंदाने सांगणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते.