तीन पॉइंटचं तिकीट

१ मे २०२१ला १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण सुरू झालं, तेव्हा कोविनवर ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती आणि कोविन इंग्रजीत होतं. स्लॉट उघडायचे आणि बघता बघता संपायचे. आमच्या क्षेत्रातल्या पोरांनी स्लॉट दिसला की टेलिग्रामवर अलर्ट टाकणारे बॉट लिहिले. (फार अवघड काम नव्हतं ते.) मग शहरातली मंडळी गाड्या काढून तालुक्याच्या केंद्रावर जायची, आणि केंद्राशेजारी राहणाऱ्याला ओटीपी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागायची. मतदानाला दोघांचं मत एकेकच. इथे मात्र ज्याचं नेट फास्ट तो पुढे.

मताची समता आणि जगण्यातली विषमता यांतला विरोध बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९लाच संविधान सभेत मांडला होता. त्यात आता डेटापॅकची भर.

सुप्रीम कोर्टाने या डिजिटल दरीवरून सरकारला प्रश्न विचारले आणि जूनमध्ये कोविन मराठीसह इतर भाषांत आलं. भाषा जोडणं तसं अवघड नसतं, कुणाला तरी ते आधी करावंसं वाटणं अवघड असतं.

आमच्या ऑफिसात काम किती मोठं हे प्लॅनिंग पोकरने ठरतं. सगळ्यांनी आपापला पत्ता एकदम उघडायचा, म्हणजे सीनियरचा आकडा बघून कुणी आपला बदलत नाही. एकदम लोकशाही. पण कुठलं काम आधी घ्यायचं, यावर पत्ते नाहीत. ते वरून येतं. मराठी स्क्रीनचं तिकीट मी आठ महिन्यांपूर्वी टाकलंय. अजून बॅकलॉगच्या तळाशी आहे. पोकरमध्ये सगळ्यांनी त्याला तीनच पॉइंट दिले होते.